तलावातला ऑक्सिजन मोजायचा आहे : अकरावीच्या प्रकल्पाची चिरफाड हवी

रामबागकर (इंदूर)
नमस्कार मंडळी. अकरावी विज्ञानाची सहा मुलं पर्यावरणाचा प्रकल्प करणार आहेत. त्यांनी कागदावर आखलेली योजना अशी :

विषय "आपला तलाव प्रदूषित आहे का?" रविवारी दुपारी चार वाजता पाच ठिकाणांहून एकेक बाटली पाणी आणायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत विद्राव्य ऑक्सिजन (पुढे नुसतं डीओ म्हणतो), पीएच आणि तापमान मोजायचं. पाच आकड्यांची सरासरी काढून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीशी ताडायची. डीओ लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर आला तर तलाव स्वच्छ, खाली आला तर प्रदूषित.

तलावाच्या एका कडेला वस्तीतला नाला येऊन मिळतो, समोर मातीची पाळ आहे. नाव मुद्दाम देत नाही, परवानगी यायची आहे. ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायची नळी) आणि ३०० मिलिलिटरच्या बीओडी बाटल्या आहेत (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते), डीओ मीटर नाही. रसायनशास्त्राच्या बाई सोबत असतील. काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. काय चुकतंय ते बिनधास्त सांगा.

शेवपरमल (इंदूर)
चारची वेळ कोणत्या कारणाने ठरली? रविवारची झोप हे कारण असेल तर तसं अहवालात लिहा.

काळीमाती (इंदूर)
शेवपरमल गमतीत बोलतोय, पण सगळ्या योजनेतली मोठी गोम तीच आहे. नाल्याचं पाणी येणाऱ्या तलावात नत्र-स्फुरद भरपूर, म्हणून शेवाळ भरपूर. दिवसा ते प्रकाशसंश्लेषण करतं आणि पाण्यात ऑक्सिजन सोडतं. सूर्य मावळला की निर्मिती थांबते, पण शेवाळ, जिवाणू, मासे आणि तळाचा गाळ या सगळ्यांचं श्वसन रात्रभर चालूच राहतं. त्यामुळे डीओ सर्वांत कमी सूर्योदयाच्या आसपास आणि सर्वांत जास्त दुपारी तीन-चारला. तलावात जितकं खत जास्त, तितकी ही रोजची वरखाली मोठी.

म्हणजे चार वाजता पाणी काढलंत तर जितका बिघडलेला तलाव, तितका सुंदर आकडा. हिशेब करून दाखवतो. समजा दुपारी चारला पाणी २५ अंशांवर आणि डीओ ११.५, आणि पहाटे साडेसहाला २० अंशांवर डीओ ३. सरासरी येते ७.२५. मुलांच्या नियमाप्रमाणे तलाव ठणठणीत. प्रत्यक्षात पहाटे ३ वर आलेल्या पाण्यात बरेच मासे तोंड वर काढून हवा घ्यायला लागतात. आणि चारचा ११.५ हासुद्धा आजाराचंच लक्षण आहे, कारण नुसत्या हवेच्या संपर्काने पाण्यात एवढा ऑक्सिजन मावतच नाही.

पीएचचंही तेच. शेवाळ कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं, दुपारी पीएच ९ च्या वर जाऊ शकतो. २५ अंशांवर पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी माशांना विषारी असा मुक्त अमोनिया एक टक्क्याहून कमी असतो, पीएच ९ ला तो एक तृतीयांशाच्या पुढे जातो. म्हणून डीओ आणि पीएच दोन्हींच्या आकड्यांपुढे घड्याळातली वेळ लिहायची. वेळ नसलेला आकडा वहीत घ्यायचाच नाही.

मांडवीकर (वडोदरा)
"मावत नाही" हे काळीमातींनी म्हटलं, त्याचे आकडे मुलांना पाठ हवेत. समुद्रसपाटीच्या दाबाला गोड्या पाण्यात संपृक्त डीओ (हवेतून जास्तीत जास्त मावेल तेवढा) २० अंशांवर ९.०९, २५ वर ८.२६ आणि ३० वर ७.५६ मिग्रॅ/लिटर. पाणी तापलं की कमी मावतो. आता पुस्तकातला हा तक्ता जसाच्या तसा वापरला की इंदूरकर फसतात, आम्ही बडोदेकर नाही. आम्ही समुद्रसपाटीला जवळजवळ लागून आहोत, इंदूर साधारण ५५० मीटरवर. तिथला हवेचा दाब सुमारे सहा टक्के कमी, म्हणून तक्त्यातला आकडा ०.९४ ने गुणा : २० अंशांना ८.५, २५ ला ७.८, ३० ला ७.१. ग्वाल्हेर दोनशे मीटरच्या आसपास, तिथे ०.९८ पुरे.

एक सापळा. मोबाइलवरचं हवामानाचं अॅप दाब १०१३ च्या आसपास दाखवतं. तो समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो. इंदुरात जमिनीवरचा खरा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या जवळपास. अॅपचा आकडा घेऊन संपृक्तता काढली तर सगळे टक्के कमी येतील.

काळीमातींच्या उदाहरणात दुपारी ११.५ भागिले ७.८ म्हणजे १४७ टक्के, पहाटे ३ भागिले ८.५ म्हणजे ३५ टक्के. वहीत डीओ, तापमान आणि संपृक्तता टक्के असे तिन्ही रकाने ठेवा. नाहीतर डिसेंबरात पाणी थंड झाल्यामुळे वाढलेला डीओ "सुधारणा" म्हणून छापून येतो.

लष्करकर (ग्वाल्हेर)
वेळ सुधारली तरी प्रश्न सुधारत नाही. "तलाव प्रदूषित आहे का?" याला कोणत्याही आकड्याने नाही म्हणता येत नाही आणि कोणत्याही आकड्याने हो म्हणता येतं. मंडळाची वर्गवारीही त्यासाठी नाही. ती पाणी कशाला वापरायचं ते सांगते : 'ब' म्हणजे उघड्यावर स्नान, त्याला डीओ ५ किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, पीएच ६.५ ते ८.५ आणि कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत. 'ड' म्हणजे वन्यजीव आणि मासे, त्याला डीओ ४ किंवा जास्त आणि मुक्त अमोनिया १.२ पर्यंत. चार अटींपैकी एक मोजून 'ब' चं प्रमाणपत्र देता येत नाही.

प्रश्न असा घ्या की उत्तर "नाही" येऊ शकेल. उदाहरणार्थ : "नाल्याच्या मुखापासून २० मीटरच्या आत, सूर्योदयाच्या वेळचा डीओ तलावाच्या इतर काठापेक्षा किमान १ मिग्रॅ/लिटरने कमी असतो." यात जागा, वेळ, दिशा आणि किती हे सगळं आलं. फरक ०.३ आला तर मुलांचं गृहीतक पडलं, आणि ते पडलं असंच अहवालात यायला हवं. हे वाक्य पहिली बाटली बुडवण्याच्या आधी तारीख घालून वहीत लिहायचं आणि बाईंची सही घ्यायची. नंतर आकडे बघून वाक्य फिरवायची सोय राहत नाही.

शेवपरमल
पाळीच्या बाजूला पाणी खोल, नाल्याच्या बाजूला उथळ आणि वर जलपर्णी. फरक आला तर नाल्यामुळे की उथळपणामुळे, ते कसं कळणार?

लष्करकर
अगदी हाच पुढचा मुद्दा. नाला आणि पाळ एवढ्या दोनच जागा घेतल्या तर त्या एका गोष्टीत वेगळ्या नसतात, चार गोष्टींत असतात : खोली, जलपर्णी, गाळ, वाऱ्याची दिशा. म्हणून तिसरी जागा हवी : नाल्याच्या जागेइतकीच उथळ, तेवढीच जलपर्णी असलेली, पण नाल्यापासून लांब. हा तुमचा कंट्रोल. खरी तुलना नाला आणि हा उथळ काठ यांची. पाळीकडचा आकडा माहितीपुरता.

दुसरं म्हणजे, एका जागेवरून भरलेल्या तीन बाटल्या म्हणजे तीन नमुने नव्हेत. त्या बाटल्या एकमेकींपासून किती ढळतात त्यावरून तुमच्या हाताची अचूकता कळते, तलावाबद्दल नवीन काही कळत नाही. याला छद्म-पुनरावृत्ती म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ च्या लेखात परिसरशास्त्रातले किती प्रयोग यात अडकलेत ते दाखवलं होतं. मुलांची खरी पुनरावृत्ती म्हणजे वेगवेगळ्या सकाळी.

किती सकाळी? साधी चिन्ह-चाचणी घ्या. नाला आणि कंट्रोल यांत खरा काही फरक नसेल तर कुठल्याही सकाळी नाल्याचा आकडा कमी येण्याची शक्यता निम्मी. पाचही सकाळी एकाच दिशेला फरक आला तर ते निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता (दोन्ही दिशा धरून) ३२ त २, म्हणजे सहा टक्के. सहा सकाळींना ती तीन टक्क्यांवर येते. म्हणून सहाच्या खाली जाऊ नका, आठ झाल्या तर उत्तम, आठात एखादी उलटी गेली तरी सात टक्क्यांवर राहता. सकाळींमध्ये तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा, कारण लागोपाठच्या दोन सकाळी एकमेकींसारख्याच असतात. आणि किती सकाळी घ्यायच्या ते आधी ठरवा. हवा तसा निकाल आल्यावर थांबणं म्हणजे नाणं हवं तसं पडेपर्यंत उडवणं.

ब्युरेटवाली (इंदूर)
आता हाताचं काम. डीओ मोजायची विंकलर पद्धत, १८८८ ची, हंगेरीच्या लायोश विंकलर यांची. अजून मीटर याच पद्धतीने तपासतात, तेव्हा मीटर नाही म्हणून वाईट वाटायला नको.

पाणी भरणं. ऐंशी टक्के चुका इथेच होतात, टायट्रेशनमध्ये (ब्युरेटने द्रावण घालत रंग जाईपर्यंत मोजणं) नाही. (टक्के अंदाजाचे, लष्करकर रागावू नका.) बादलीने काढून बाटलीत ओतलंत तर ओततानाच हवा मिसळते, ३ चा ५ होतो. बाटलीत पाणी तळापासून शिरलं पाहिजे आणि दोन-तीन बाटल्यांएवढं वाहून गेलं पाहिजे. घरगुती सोय : बाटलीच्या चौपट मोठी, रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी. तळाशी दगड किंवा शिशाचं वजन, मध्ये बीओडी बाटली घट्ट बसवलेली. झाकणाला दोन भोकं. एकातून नळी थेट बीओडी बाटलीच्या तळापर्यंत, दुसरीतून छोटी नळी बरणीतली हवा बाहेर सोडायला, तिचं वरचं टोक पहिलीपेक्षा उंच. दोरीने ३० सेंटिमीटरवर सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत धरा. पाणी बाटलीतून उतू जाऊन बरणी भरते, त्यामुळे बाटलीतलं पाणी आपोआप दोन-तीनदा बदललेलं असतं. तापमान बरणीतल्या पाण्याचं, लगेच.

काठावरच पक्कं करणं (म्हणजे ऑक्सिजन रसायनाने बांधून ठेवणं) :

१. बाटलीत २ मिली मँगनस सल्फेट, पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली.
२. लगेच २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, तसंच. पिपेट वेगळी. एकच पिपेट दोन्हींत घातली की पिपेटीतच गाळ होतो.
३. बूच तिरकं सरकवून लावा, बुडबुडा अडकता कामा नये. पंधरा-वीस वेळा उलटीसुलटी करा. गाळ तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. गाळ निम्म्यावर बसला की पुन्हा एकदा हलवा आणि पुन्हा बसू द्या.
४. २ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल बाटलीच्या गळ्याच्या कडेने. बूच, हलवणं. गाळ विरघळून पिवळा-तपकिरी स्वच्छ द्रव व्हायला हवा.

यानंतर बाटल्या काळ्या कापडात गुंडाळा, उन्हात ठेवू नका, आयोडीन उडतं. सहा-आठ तासांच्या आत टायट्रेशन झालंच पाहिजे.

शाळेत : २०३ मिली मोजून घ्या, ०.०२५ नॉर्मल (हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. २०३ का? ३०० च्या बाटलीत पहिल्या दोन द्रावणांचे ४ मिली घालताना तेवढंच मूळ पाणी बाहेर गेलं, २०० गुणिले ३०० भागिले २९६ म्हणजे २०२.७. आम्लाने बाहेर जातं ते वरचं स्वच्छ पाणी, त्यात ऑक्सिजन उरलेला नसतो, म्हणून ते धरायचं नाही. या मापाला थायोसल्फेटचा १ मिली म्हणजे डीओ १ मिग्रॅ/लिटर. गणित करायलाच नको.

स्टार्च कधी? रंग फिक्या गवती पिवळ्यावर आल्यावर १-२ मिली. आधी घातला तर आयोडीन स्टार्चला घट्ट धरून बसतं आणि शेवट लांबत जातो. निळा पहिल्यांदा गेला तो शेवट. दोन मिनिटांनी निळा परत आला तरी लक्ष देऊ नका. स्टार्च शिळा झाला की निळ्याऐवजी जांभळट-तांबूस दिसतो, टाकून नवा करा : १०० मिली गरम ऊर्ध्वपातित पाण्यात २ ग्रॅम विद्राव्य स्टार्च, टिकायला ०.२ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल.

रामबागकर
ताई, थायोसल्फेट शाळेत करून ठेवलेलं आहे, बाटलीवर ०.०२५ लिहिलंय. चालेल?

ब्युरेटवाली
लेबलावर विश्वास ठेवू नका. थायोसल्फेट उजेडाने, जिवाणूंनी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कमजोर होत जातं. कमजोर द्रावण जास्त लागतं आणि तलाव आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. नवीन करायचं असेल तर ६.२०५ ग्रॅम स्फटिक (पाच रेणू पाण्याचं) उकळून गार केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात, ०.४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घालून, एक लिटर. तपकिरी बाटली.

मग प्रमाणीकरण, म्हणजे द्रावणाची खरी तीव्रता तपासणं. पोटॅशियम डायक्रोमेट १०५ अंशांवर सुकवून १.२२६ ग्रॅम लिटरला, हे ०.०२५ नॉर्मल. त्याचे २० मिली, शंभरेक मिली पाणी, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, १० मिली दहा टक्के सल्फ्युरिक आम्ल. अंधारात पाच मिनिटं. मग टायट्रेट करा, शेवटाला स्टार्च. इथे शेवट रंगहीन नसतो, फिका हिरवा असतो, क्रोमियमचा. मुलं निळा पूर्ण "पांढरा" व्हायची वाट बघतात आणि पुढे निघून जातात. बरोबर २०.० मिली लागले तर ०.०२५. २१.० लागले तर ०.०२३८, आणि प्रत्येक डीओला ०.९५२ ने गुणा. हे दर सकाळच्या टायट्रेशनच्या आधी, फक्त पहिल्या दिवशी नव्हे.

काळीमाती
इंदूरपुरती एक भर. पावसाळा संपल्यावरही काळ्या मातीचं गढूळपण उथळ काठांना बराच काळ टिकतं. इतकं गढूळ पाणी असेल की शेवट दिसणार नाही, तर आधी तुरटीने निवळायचं : हवा न मिसळता भरलेल्या एक लिटर नमुन्यात १० मिली दहा टक्के तुरटीचं द्रावण आणि १-२ मिली संहत अमोनिया, हळू उलटसुलट, दहा मिनिटं बसू द्यायचं, वरचं स्वच्छ पाणी नळीने बीओडी बाटलीत तळापासून. हे केलं तर तिन्ही जागांना करा, एकट्या नाल्याला नको.

पाण्याची पारदर्शकता मोजायला सेकी तबकडी ठेवताय का? २० सेंटिमीटर, काळे-पांढरे चार भाग, दोरीला गाठी. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी. कार्लसनच्या १९७७ च्या सूत्राने १ मीटरला पोषण-निर्देशांक (जितका जास्त, तितकं तलावात शेवाळ जास्त) ६०, अर्ध्या मीटरला ७०. पण हे सूत्र गढूळपणा शेवाळाचा आहे असं धरून चालतं. आपल्याकडे तो मातीचाही असतो. पाणी गाळणकागदातून गाळून डाग हिरवा आला की तपकिरी ते बघितल्याशिवाय निर्देशांक लिहू नका.

मांडवीकर
बीओडीही करून टाका ना, बाटल्या तर आहेतच.

ब्युरेटवाली
बाटल्या आहेत, इनक्युबेटर आहे का? बीओडी म्हणजे अंधारात, ठरलेल्या तापमानाला, ठरलेले दिवस. पाच दिवस २० अंश किंवा भारतीय मानकातले तीन दिवस २७ अंश. इंदूरच्या डिसेंबरात खोलीचं तापमान दिवसात दहा अंशांनी हलतं. कपाटात ठेवलेल्या बाटलीचा आकडा म्हणजे बीओडी नव्हे, नुसताच एक आकडा.

मांडवीकर
थर्मोकोलच्या पेटीत मत्स्यटाकीचा हीटर आणि थर्मोस्टॅट लावून २७ अंश ठेवता येतात की. एक अंशाच्या आत राहतं. बाटल्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून, बुचाभोवती पाण्याची कड.

ब्युरेटवाली
ठीक, तापमानाचं मान्य. मग विरलीकरणही (नमुन्यात स्वच्छ पाणी मिसळणं) नीट करा. तीन दिवसांनी बाटलीत किमान १ मिग्रॅ उरलं पाहिजे आणि किमान २ ने घट झाली पाहिजे, नाहीतर ती बाटली बाद. बीओडी १० च्या आसपास असेल तर न विरलेल्या नमुन्यातला ८ चा ऑक्सिजन संपून शून्यावर येतो आणि मुलं "बीओडी ८" लिहितात. निम्मं आणि पाव असं दोन्ही विरलीकरण लावा. विरलीकरणाच्या पाण्याची स्वतःची घट ०.२ च्या वर गेली तर पाणीच खराब. नळाचं पाणी चालणार नाही, क्लोरीन जिवाणू मारतं आणि आकडा छान कमी येतो.

काळीमाती
आणि एवढं करूनही शेवाळाच्या तलावाचा बीओडी समजून घ्यावा लागतो. अंधारात शेवाळ श्वसन करतं, मरतं, कुजतं. तो ऑक्सिजन बीओडीत धरला जातो. तेव्हा पाळीकडच्या हिरव्या पाण्याचा बीओडी नाल्याजवळच्यापेक्षा जास्त आला तर दचकू नका. पहिल्या वर्षाच्या प्रकल्पात बीओडी नको, असं माझं मत. त्यापेक्षा उजेड-अंधार बाटल्या करा. गार्डर आणि ग्रान यांनी १९२७ मध्ये मांडलेली पद्धत, लागणारं सगळं तुमच्याकडे आहे.

एकाच जागेचं पाणी तीन बाटल्यांत. पहिली लगेच पक्की करा (सुरुवात). दुसरी उघडी काच, तिसरी अॅल्युमिनियमच्या पत्रीत आणि वरून काळं कापड. दोन्ही बांबूला बांधून ३० सेंटिमीटर खोल लटकवा, दहा ते दोन. मग पक्क्या करा. सुरुवात वजा अंधार म्हणजे श्वसन. उजेड वजा सुरुवात म्हणजे निव्वळ निर्मिती. उजेड वजा अंधार म्हणजे एकूण निर्मिती. चारने भागलं की ताशी. श्वसनाचा ताशी आकडा कळला की पहाटेचा डीओ का पडतो ते मुलांना स्वतःच्या वहीत दिसेल.

चार तासांपेक्षा लांबवू नका. घट्ट हिरव्या पाण्यात उजेडाच्या बाटलीत ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात आणि बूच काढताना निसटतात, निर्मिती कमी भरते. असं दिसलं तर दोनच तास. पत्रीला भोक पडलं तर अंधाराची बाटली अंधाराची राहत नाही, दर वेळी नवी गुंडाळा.

शेवपरमल
पहाटे साडेसहाला तीन जागा, पोरं सहा. एका जागेवरून दुसरीकडे जाईपर्यंत ऊन वर.

लष्करकर
बरोबर पकडलंस. सूर्य उगवल्यावर हिरव्या पाण्यात डीओ भराभर चढतो. दर वेळी नाला आधी आणि कंट्रोल नंतर घेतला तर कंट्रोल आपसूक चांगला दिसेल, नाल्याचा काही संबंध नसताना. दोन-दोनच्या तीन जोड्या करा, तिन्ही जोड्यांनी एकाच ठरलेल्या मिनिटाला बरण्या सोडायच्या. कुठली जोडी कुठे, हे त्या दिवशी चिठ्ठ्या टाकून. नाहीतर एका जोडीच्या हाताची सवय एका जागेला चिकटते.

आणि बाटल्यांवर "नाला" लिहू नका. बाईंनी अंकांचे संकेत द्यावेत आणि यादी आपल्याकडे ठेवावी. टायट्रेशन करणाऱ्याला नाल्याची बाटली माहीत असेल तर शेवटचा थेंब नकळत आधी थांबतो. ब्युरेट ०.०५ मिलीपर्यंत वाचता येते, एकदोन थेंब एवढंच ते असतं. दर जागेला दोन बाटल्या भरा. दोघींत ०.२ च्या वर फरक आला तर भरण्यात घोळ आहे, त्या सकाळचा तो आकडा का गाळला ते कारणासकट लिहा.

मांडवीकर
कुणी हाच प्रकल्प नदीवर उचलणार असेल तर सावधान. तलावासाठी आखलेल्या जागांची मांडणी नदीला लागू नाही. नदीत सांडपाणी मिळतं तिथे डीओ सर्वांत कमी नसतो. जिवाणू ऑक्सिजन खात खात पाण्याबरोबर पुढे जातात, एकीकडे हवेतून भरपाई होत असते, आणि तळ गाठला जातो तो बराच पुढे. ओहायो नदीवरच्या कामातून स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ मध्ये याचं समीकरण मांडलं. इंदूरच्या कान्ह नदीत नाल्याच्या तोंडाशी एक आणि वर एक एवढेच नमुने घेतले तर खरा खड्डा हातून सुटतो. खाली निदान चार-पाच जागा हव्यात.

आमच्या विश्वामित्री नदीत काठावर वाकून बाटली बुडवणं हा विषयच नाही, मगरी आहेत. पुलावरून दोरीने.

ब्युरेटवाली
सुरक्षेवरून आठवलं. तलावातही मुलांनी पाण्यात उतरायचं नाही, बरणी तीन मीटरच्या बांबूला बांधून काठावरून. गाळात पाय रुततो, पहाटे अंधुक असतं.

अल्कली-आयोडाइड-अझाइड मुलांनी तयार करायचं नाही. त्यात लिटरला ५०० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि १० ग्रॅम सोडियम अझाइड. अझाइड नायट्राइटचा अडथळा काढण्यासाठी लागतंच, आणि नाल्याच्या पाण्यात नायट्राइट असतं, म्हणून वगळता येत नाही. ते वगळलं तर निळा पुन्हा पुन्हा परततो आणि डीओ फुगतो. पण अझाइड विषारी आहे, आम्लात गेलं की विषारी वायू सुटतो. तयार द्रावण घ्या, हातमोजे, चष्मा, रबरी फुग्याची पिपेट, तोंडाने ओढणं बंद. आम्ल घालणं बाईंनी किंवा त्यांच्या नजरेसमोर. उरलेलं अझाइडचं द्रावण बेसिनमध्ये नाही, तांब्या-शिशाच्या नळांत साचून स्फोटक संयुगं होतात. टायट्रेट झालेलं पाणी एका कॅनमध्ये गोळा करा, खिडक्या उघड्या ठेवून धुण्याच्या सोड्याने उदासीन करा, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या कचऱ्याबरोबर द्या. तलावाच्या काठी ओतणं तर सोडाच.

काळीमाती
परवानगीचं. इंदूरचे सिरपूर आणि यशवंतसागर हे दोन्ही तलाव २०२२ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहेत. तिथे जायचं असेल तर हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात, पहाटेची वेळ त्यांचीही चरण्याची. अर्जात जागा, वेळ, किती जण आणि कोणती रसायनं काठावर नेणार, हे स्पष्ट लिहा. "पाण्याचे नमुने घेणे" एवढ्यावर कुणी होकार देत नाही, आणि देऊही नये.

रामबागकर
सगळ्यांचे आभार. मुलांनी बसून नवीन मसुदा केला, तो असा :

गृहीतक लष्करकरांच्या वाक्याचं, १ मिग्रॅच्या फरकासकट, सहीनिशी वहीत. तीन जागा : नाल्याचं मुख, जलपर्णीचा उथळ काठ, पाळ. आठ सकाळी, दर चौथ्या दिवशी. ६.३० ला तिन्हीकडे एकदम. दर जागेला दोन बाटल्या, संकेतांक, चिठ्ठ्या. थायोसल्फेटचं प्रमाणीकरण दर वेळी. संपृक्तता ०.९४ ने सुधारून. आठांपैकी दोन दिवशी दुपारी तीनलाही त्याच जागा, रोजची वरखाली दाखवायला, पण गृहीतकाच्या तपासणीत ते आकडे नाहीत. एका दिवशी उजेड-अंधार बाटल्या. बीओडी नाही. "स्वच्छ" आणि "प्रदूषित" हे शब्द अहवालातून काढले. उथळ काठ पूर्वेकडचा निवडलाय, नाला पश्चिमेला.

शेवपरमल
पूर्व काठावर झाडं आहेत का?

रामबागकर
आहेत, दाट. निलगिरी आणि बाभळी. का?

शेवपरमल
सूर्य त्यांच्या मागून उगवणार. पश्चिमेला नाल्यावर ऊन आलं तरी कंट्रोल अर्धा-पाऊण तास सावलीत.

लष्करकर
आणि नोव्हेंबरच्या मध्यात इंदुरात सूर्य ६.४० च्या आसपास, डिसेंबरअखेर सातच्या सुमाराला. ६.३० हे घड्याळ धरलं तर सुरुवातीचे दिवस उजेडाच्या तोंडावर आणि शेवटचे अंधारात पडतील. वेळ घड्याळाने न धरता सूर्योदयाच्या २० मिनिटं आधी अशी धरा, त्या दिवशीचा सूर्योदय पंचांगात बघून. मग झाडांच्या सावलीचा प्रश्नही येत नाही. दुपारच्या आणि उजेड-अंधारच्या दिवसांना मात्र सावली मोजावी लागेल, तेव्हा शक्य असेल तर दक्षिण किंवा उत्तर काठावर जलपर्णीची जागा शोधा.

रामबागकर
उत्तरेला एक आहे, खोली बघून येतो. बांबूवर दहा-दहा सेंटिमीटरच्या खुणा करायला पोरांना बसवलंय.

ब्युरेटवाली
खुणा तेलरंगाने करा. मार्कर दोन बुडव्यांत जातो.